किडे पडलेल्या जखमेत रॉकेल-फिनाइल ओतू नका

भटक्या कुत्र्याच्या जखमेत किडे पडले की रॉकेल नाहीतर फिनाइल ओतायचं, हा फुकटातला इलाज वर्षानुवर्षं सांगितला जातो. काही किडे वळवळत बाहेर येतात, म्हणून तो खरा वाटतो. उरलेले मात्र आणखी आत शिरतात, उघडं मांस भाजतं आणि कुत्रा जखम चाटतो तेव्हा तेच विष पोटात जातं.

उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा, म्हणजे साधारण 9 ग्रॅम मीठ विरघळवा. आधी तोंड बांधा: गॉजपट्टीचा फास मुस्कटावर, टोकं हनुवटीखालून नेऊन कानांमागे गाठ. कुत्रा धापा टाकत किंवा ओकत असेल तर बांधू नका. सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने जखम धुवा, दिसतील ते किडे बोथट चिमट्याने उचला. वरून स्वच्छ दिसली तरी पोकळीत किडे राहतातच. त्यावरचं औषध डॉक्टरच वजन पाहून देतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याचं शुल्क नाममात्र असतं. घरातली वेदनाशामक गोळी अजिबात नको. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

चावलाच तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा.