अरेकाची पानं पिवळी: मुळं कुजतायत की झाड उपाशी आहे?

पान पिवळं दिसलं की आपल्याकडे दोनच उपाय, पाणी घाला नाहीतर खत घाला, आणि हॉलमधल्या अरेका पामच्या बाबतीत बऱ्याचदा नेमका चुकीचा निवडला जातो. कारण जास्त पाण्याने आलेला पिवळेपणा आणि खताअभावी आलेला पिवळेपणा लांबून अगदी सारखेच दिसतात. त्याआधी एक, अरेकाचे देठ मुळातच पिवळसर-सोनेरी असतात, उजेड चांगला असेल तर जास्तच, त्याला रोग समजून घाबरू नका. बघायचं ते पानाच्या पात्यांकडे.

आधी पाणी. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून आणलेलं झाड बहुतेक वेळा चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं, तो गोळा तसाच शोभेच्या कुंडीत ठेवला जातो, आणि त्या कुंडीला खाली भोक नसतं. वरची माती कोरडी दिसते म्हणून रोज तांब्याभर पाणी, खाली डबकं. त्यात ठाण्यात जुलैची हवा म्हणजे धुतलेले कपडे वाळत नाहीत तिथे कुंडी कुठून वाळणार! मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, मग पाणी असूनही झाड ते ओढू शकत नाही, पानं निस्तेज पिवळी पडून लोंबतात, आणि आपण म्हणतो तहान लागली असेल, अजून घालूया.

अगरबत्तीची उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, दोन मिनिटांनी काढा. चिखल लागून आली आणि आंबूस वास आला तर प्रश्न पाण्याचाच. झाड बाहेर काढून मुळं बघितली तर खात्रीच होते, निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं, कुजलेलं तपकिरी-काळं, बोटात धरलं की साल निसटून आत नुसता दोरा उरतो.

उपाशी झाडाची गोष्ट वेगळी. तिथे माती व्यवस्थित असते, पानं ताठ असतात, पण पिवळेपणाला एक डिझाइन असतं. पोटॅशियम कमी पडलं तर जुन्या, खालच्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसल्यासारखे, आणि टोकं करपलेली. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्याच पानांच्या कडेने रुंद पिवळा पट्टा, मधे मात्र हिरवंगार. सगळं झाडच फिकट, खालून सुरुवात, तर नायट्रोजन. ही तिन्ही पोषकद्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून फटका आधी म्हाताऱ्या पानांना. आणि म्हणूनच ती ठिपकेवाली पानं वाईट दिसतात म्हणून कापून टाकू नका, तो झाडाचा साठा आहे, कापलात तर ते वरच्या पानातलं पोटॅशियम काढायला लागतं. पूर्ण वाळली की खुशाल काढा.

आता खरी गंमत. नवं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. दिसायला उपासमार, पण कुंडीत बऱ्याचदा कारण पाणीच असतं, मातीत लोह असतं पण गुदमरलेली मुळं ते घेऊ शकत नाहीत, किंवा झाड फार खोल लावलेलं असतं. इथे लोहाचा डोस देण्याआधी काडी खुपसून बघा.

उपाय उलटे आहेत म्हणून एवढा खटाटोप. कुजणाऱ्या झाडाला खत देणं म्हणजे उरलेली मुळंही जाळणं. त्याचं पाणी बंद, काळी मुळं कापायची, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड रेती मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, भोक असलेल्या कुंडीत लावून ग्रिलजवळच्या उजेडात ठेवायचं. उपाशी झाडाला हळूहळू विरघळणारं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असलेलं खत. नुसतं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सगळ्यावर औषध म्हणून ओतू नका, पोटॅशियम आधीच कमी असेल तर असमतोल वाढतो. आणि ठिपके पडलेलं पान परत हिरवं होत नाही, फरक नव्या पानातच दिसेल, तेव्हा आठवड्यात निकाल मागू नका.

एसीच्या खोलीत पानामागे बारीक जाळी आणि टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसले तर ती कोळी कीड, ओल्या फडक्याने पुसा.

पाणी जास्त झालेलं झाड असेल तर मधला न उघडलेला कोंब हलकेच ओढून बघा. सहज हातात आला आणि बुडाला घाण वास असेल तर तो बुंधा गेला, पामच्या एका बुंध्याला वाढीचं टोक एकच असतं. पण अरेकाच्या कुंडीत सहसा बरीच रोपं एकत्र असतात, तेव्हा मेलेला तेवढा काढा, बाकीचे वाचू शकतात.