जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी नेक (तारांखालचा लांब दांडा) बघा

आमच्या वर्कशॉपमध्ये लोक नुकतीच घेतलेली जुनी गिटार आणतात, केस उघडतात आणि विचारतात, "चांगली मिळाली ना?" पैसे देऊन झालेले असतात. नाही म्हणणं जिवावर येतं. म्हणून हे पत्रक.

शोधायची कशी

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर 'व्हिंटेज' टाकून शोधू नका. हा शब्द ज्याला ठाऊक, त्याला भावही ठाऊक असतो. स्वस्तात मिळते ती 'बाबांची जुनी गिटार', 'घर बदलतोय, देऊन टाकायची आहे' अशा जाहिरातींत. ब्रँडचं स्पेलिंग चुकवूनही शोधा. आयबानेझ तर लोक चार तऱ्हांनी लिहितात. आमच्याकडे आलेल्या बऱ्याच जपानी गिटारी जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या माळ्यावरून, नाहीतर बोटीवर नोकरी केलेल्या गोवेकरांच्या घरातून निघालेल्या.

फोटोत हेडस्टॉकवरचं (खुंट्या असतात त्या टोकावरचं) नाव मोठं करून वाचा. गिब्सन अमेरिकेची, गिव्हसन कोलकात्याची. गिव्हसनवर कित्येकांची बोटं घडली, तिला नावं ठेवायची नाहीत. फक्त एका अक्षराचे जास्तीचे पैसे देऊ नका.

साल कसं कळतं

१९७५ पासून पुढची साधारण दहा-अकरा वर्षं जपानी आयबानेझच्या सीरियल नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे सालाचे असत. 'ई ८१' म्हणजे मे १९८१. अमेरिकन गिटारमध्ये व्हॉल्यूमच्या पॉटवरचा (नॉबखाली आत असलेल्या भागावरचा) आकडा वाचा. १३७७९२५ मध्ये १३७ ही सीटीएस कंपनीची खूण, पुढे १९७९ साल, २५ वा आठवडा. गिटार १९६५ची आणि पॉट असा असेल, तर निदान पॉट तरी बदललेला आहे. ते विचारून घ्या.

नेक

खरा खर्च इथे निघतो. तारा सुरात लावलेल्या हव्यात. तारा नसतील तर पदरचा सेट घेऊन जा. जाडी तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी हेडस्टॉककडून पहिली) दाबा, दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर उत्तम. फट खूप असेल तर ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचा) नट बघा. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर गिटार तिथेच ठेवून, चहा पिऊन घरी परत या. मग ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या) बाजूने, बंदुकीचा नेम धरावा तसं नेकवरून बघा. दोन्ही कडा एका पातळीत दिसल्या नाहीत तर नेक पिळला आहे. आमचा अनुभव असा की त्यावर खर्च करण्यात अर्थ नसतो.

मागे झुकलेल्या हेडस्टॉकच्या गिटारी पडल्या की नटच्या (हेडस्टॉकजवळच्या तारांच्या खाचांच्या पट्टीच्या) मागे तुटतात. तिथून नख फिरवा. पॉलिशखालची चीर डोळ्यांआधी नखाला कळते. नीट चिकटवलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो, पण भाव मात्र बराच उतरायला हवा.

ज्याला घाबरू नये ते

नॉब फिरवताना खरखर, सैल जॅक, गंजलेले स्क्रू, हिरवट पडलेलं हार्डवेअर. गेल्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीकडून एक गिटार आली. केसमध्ये बुरशी, सॅडलचे (ब्रिजवर तारा टेकतात त्या तुकड्यांचे) स्क्रू जागच्या जागी जाम. पण नेक सरळ. तीन दिवस तेलात मुरवून स्क्रू सुटले आणि आता ती दर शनिवारी वाजते.

पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक आणि त्याभोवतीचं वेटोळं, तपासायला मल्टिमीटर न्या. केबल लावा, व्हॉल्यूमचा नॉब पूर्ण वाढवा, दुसऱ्या टोकाचा प्लग मोजा. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा पिकअप) साधारण ५ ते ७ हजार ओहम दाखवतो, हंबकर (दोन वेटोळ्यांचा) ७ ते ९ हजार. आकडा अडीच किंवा पाच लाखांवर गेला तर पिकअपची तार आत तुटली आहे. रिवाइंड होतो, म्हणजे तार नव्याने गुंडाळता येते, पण तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

विकणारा तयार असेल तर व्यवहाराआधी गिटार घेऊन दोघंही दुकानात या. तपासणीला वीस मिनिटं लागतात, पैसे घेत नाही. सोमवारी बंद.