१ जूनला जन्मलेली पिढी

महाराष्ट्रात आज ऐंशी-नव्वदीत असलेल्यांचे दाखले चाळले की १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा समोर येते. शाळा जूनमध्ये भरायची. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल शाळेच्या वयाचं झालं, असं मानून गुरुजी अंदाजे साल आणि १ जून लिहून मोकळे होत. नोकरी, निवृत्ती, पेन्शन पुढे त्याच तारखेवर चाललं. शाळेची पायरीच न चढलेल्या बायकांना तर तेवढीही तारीख मिळाली नाही, आणि ही उणीव फार मोठी आहे.

मग अशांची खरी जन्मतारीख शोधायची कुठे? जन्मनोंद सक्तीची करणारा कायदा १९६९चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. नोंदी मात्र त्याआधीही होत. विदर्भात कोतवाल बुक, इतरत्र जुना गाव नमुना १४, ही गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही; तहसीलच्या अभिलेख कक्षात ही दप्तरं मिळतात, जुनी बरीचशी मोडी लिपीत. त्यात बाळाचं नाव शोधू नये. नोंद बारशाआधीची, त्यामुळे बहुधा बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. पाठोपाठच्या भावंडांची गल्लत होते ती इथेच. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि फसली सनात, म्हणजे महसुली कालगणनेत. इसवी सनासाठी ५९० मिळवायचे.

घरी पत्रिका असेल तर उत्तमच. शके १८५३ अधिक ७८ म्हणजे १९३१. माघ-फाल्गुनातला जन्म असेल तर ७९ मिळवावेत, पौषात दोन्ही साली तपासावं. वार एका दिवसाने चुकतोय असं वाटलं तर जन्मवेळ बघा. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून सोमवारी पहाटे तीनला झालेलं बाळ पत्रिकेत रविवारचं असतं.

कागद नसेल तेव्हा आठवणींचाच आधार. पण प्लेग १८९६नंतर कितीदा तरी आला, दुष्काळही अनेक पडले. 'प्लेगात झाली' एवढ्यावरून साल ठरत नाही. एकदाच घडलेलं धरावं: मुंबई गोदीतला स्फोट (१४ एप्रिल १९४४), दशमान पद्धतीचे नवे पैसे (१ एप्रिल १९५७), पुण्याचा पानशेत पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७). भूकंपाच्या पहाटे थोरला पाळण्यात होता की चालायला लागला होता, असं आजीला विचारावं. स्वतःचं वय न सांगता येणारी बाई हे बिनचूक सांगते. मग लग्न आणि पहिलं बाळंतपण यांतलं अंतर विचारत मागे जाता येतं.