गॅसचा दगड कसा होतो, ह्या विचाराची मागची गोष्ट

आमच्या बेळगाव भागात, खास करून चिकोडी-अथणीकडं, काळ्या मातीत पांढरे चुनखडीचे खडे सापडतात बघा, काळा दगड (बेसाल्ट) झिजून कॅल्शियम सुटतं, मातीतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचं जुळतं आणि त्याचाच हा खडा होतो. म्हणजे गॅस दगडात बांधायचं काम आपल्या पायाखाली कधीपासून चाललंय.

पृथ्वी तापवणारा हा कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ नये म्हणून हेच मुद्दाम करायची कल्पना सायफ्रिट्झ ह्या शास्त्रज्ञांनी १९९० साली 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात मांडली, मग १९९३-९४ला कॅनडात अल्बर्टातल्या गंटर, पर्किन्स, बाचू ह्यांनी खोल वालुकाश्मातल्या (वाळूच्या दगडातल्या) खाऱ्या पाण्यात गॅस सोडला तर काय होईल ह्याचं गणित केलं, आणि त्यात कळलं की दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोखंड असलेली खनिजं असली तरच गॅस पक्का बांधला जातो, तेही शेकडो-हजारो वर्षांनी.

१९९६ला नॉर्वेनं समुद्राखाली स्लाइप्नर ह्या गॅसक्षेत्रात वर्षाला साधारण १० लाख टन गॅस वालुकाश्मात भरायला सुरुवात केली. पण त्याचा दगड झालेला नाही, तो तिथं बहुतेक तसाच अडकून बसलाय, वर शेलचं (चिखलाच्या घट्ट दगडाचं) झाकण आहे म्हणून. कारण वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीच, ती कशाशी लवकर रिॲक्ट होत नाही. गोकाकच्या धबधब्याचा दगड तसलाच, शिवाय त्याची छिद्रं पण बुजलेली, त्यामुळं तो ह्या कामाचा नाही.

मला सगळ्यात भारी वाटतं ते ऑस्ट्रेलियातलं ऑटवे खोरं. तिथं लॅडब्रोक ग्रोव्ह आणि कॅटनूक ही दोन इंधनाच्या गॅसची फील्ड शेजारी-शेजारी आहेत, दगड एकच, ज्वालामुखीच्या खडकाचे कण मिसळलेला वालुकाश्म, पण एकीत खालून मॅग्माचा कार्बन डायऑक्साइड शिरला, दुसरीत जवळजवळ नाहीच. २००४च्या अभ्यासात दोन्हीकडचे नमुने ताडून बघितले तर कार्बन डायऑक्साइडवाल्या बाजूला क्लोराइट आणि फेल्डस्पार ही खनिजं खाल्लेली आणि त्यांच्या जागी कार्बोनेट, म्हणजे चुनखडीसारखं खनिज, बसलेलं! निसर्गानंच प्रयोग करून ठेवला होता की. वाळूची छिद्रं गॅसला वाट देतात आणि ज्वालामुखीचे कण त्याला धरून ठेवतात, दोन्ही गुण एकाच दगडात.

मग आइसलंडचा कार्बफिक्स प्रकल्प, २०१२ला बेसाल्टमध्ये पाण्यात विरघळवून गॅस सोडला, २०१६ला जाहीर झालं की दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त गॅसचा दगड झाला. हजारो वर्षांची भाषा तिथंच बदलली. पण त्याला एक टन गॅसमागं साधारण २५ टन पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या अथणीच्या माणसाला हा आकडा काय ते वेगळं सांगायला नको. म्हणून ज्वालामुखीच्या कणांचा वालुकाश्म महत्त्वाचा, त्याच्या छिद्रांत खोलवर खारं पाणी आधीच भरलेलं असतं, गॅस त्यातच विरघळतो, वरून गोडं पाणी ओतावं लागत नाही.