बॅकअपची दुसरी जागा: ट्रकने दिलेलं आणि तारेने नेलेलं

छोट्या व्यवसायासाठी दूरच्या ठिकाणी बॅकअप सर्व्हर बसवायचा म्हटलं की बोलणं लगेच डिस्क केवढी, लाइन किती वेगाची, यावर जातं. दुसऱ्या जागी प्रत ठेवण्याची कल्पना मात्र या दोन्हींच्या कितीतरी आधीची आहे. ती कशी आली, वाटेत तिच्यातून काय गळून गेलं हे कळलं, तर आज दिले जाणारे बरेचसे सल्ले पाठ करावे लागत नाहीत.

हर्मन क्नॉस्ट हा अमेरिकी माणूस अळंब्यांचा व्यापारी. अळंबीला अंधार, गारवा आणि ऐसपैस जागा लागते, म्हणून १९३६ साली त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्हिंगस्टनजवळची लोखंडाची एक रिकामी झालेली खाण विकत घेतली. पुढे अळंब्यांच्या धंद्यात पूर्वीसारखं काही उरलं नाही. दुसरीकडे अणुबॉम्बची धास्ती वाढत होती. १९५१ साली त्याने त्याच खाणीत 'आयर्न माउंटन अ‍ॅटॉमिक स्टोरेज' ही कंपनी काढली. पहिलं गिऱ्हाईक होतं एक बचत बँक. ठेवींच्या नोंदींची मायक्रोफिल्म आणि सह्यांच्या कार्डांच्या दुसऱ्या प्रती चिलखती गाड्यांमधून खाणीत येऊ लागल्या. यात संगणक कुठेच नव्हता. मूळ कागद ज्या आगीत जाईल तिची झळ प्रतीला लागू नये, एवढीच गरज होती.

संगणकाच्या बाजूनेही त्याच सुमारास एक सवय पडत होती. आयबीएमची ७२६ ही टेपयंत्रणा १९५२ साली आली. त्या काळात हिशेब एकगठ्ठा चालत. कालची मुख्य टेप आणि आजच्या व्यवहारांची टेप शेजारी लावायची, दोन्ही वाचून तिसऱ्या टेपवर नवी मुख्य नोंद तयार करायची. जुनी टेप जशीच्या तशी उरायची. म्हणून तिला ठेवून द्यायची पद्धत पडली: आज तयार झालेली ती लेक, तिच्या आधीची बाप, त्याच्याही आधीची आजा. आजची नोंद चुकली तर बाप आणि व्यवहारांची टेप घेऊन ती पुन्हा करता यायची. आजा-बाप-लेक ही मांडणी पुढे बॅकअपचं शास्त्र म्हणून शिकवली गेली, पण ती जन्मली कामाच्या ओघात, जवळजवळ फुकट.

प्रत नसण्याची किंमत काय असते हे १२ जुलै १९७३ ला सेंट लुइसमध्ये दिसलं. अमेरिकी सैनिकांच्या सेवानोंदी जिथे ठेवल्या होत्या त्या सरकारी इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. सेवा केली हे सिद्ध करायला त्या सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना पुढे वर्षानुवर्षं इतर कार्यालयांतले तुकडे जुळवत बसावं लागलं. फायलीमागे एकेक माणूस असतो हे मी तरी त्या आगीचं वर्णन वाचून नीट शिकलो.

मोठ्या कंपन्यांसाठी याच दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात 'हॉट साइट'चा धंदा उभा राहिला. वर्गणी भरायची, आणि आपलं संगणक केंद्र बंद पडलं तर त्यांच्या तयार यंत्रांवर आपल्या टेपा लावून काम चालू करायचं. 'शेअर' या आयबीएम वापरणाऱ्यांच्या संघटनेने १९९२ मध्ये अशा तयारीच्या पायऱ्याच मांडल्या. टेप बाहेर पाठवायची, पण ती चालवायला यंत्र राखून ठेवायचं नाही, ही त्यातली पहिली पायरी. तिला सगळे म्हणत 'पिकअप ट्रक अ‍ॅक्सेस मेथड'.

थोडं या ट्रकपाशी थांबायला हवं, कारण माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली त्यातच आहे. ट्रकने गेलेल्या टेपमध्ये तीन गुण होते. ती दूर होती. ती जुनी होती, म्हणजे आज दुपारी झालेली चूक तिच्यात नव्हती. आणि ती तुटलेली होती: फडताळातल्या टेपला कुठल्याही संगणकावरून हात लावता येत नाही. यातला पहिला गुण मुद्दाम विकत घेतलेला होता. उरलेले दोन ट्रक सावकाश चालतो म्हणून आपसूक मिळत होते, आणि म्हणूनच त्यांना कुणी नाव दिलं नव्हतं.

छोट्या व्यवसायाच्या वाट्याला हॉट साइट कधी आलीच नाही. त्यांच्यासाठी ट्रक म्हणजे मालकाची पिशवी. १९८९ मध्ये सोनी आणि एचपी यांनी डीडीएस टेप आणली आणि काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या डबीत सगळा व्यवसाय मावायला लागला. रात्री टेप लावायची, सकाळी काढून घरी न्यायची. पद्धत चांगली होती, पण ती माणसाच्या आठवणीवर चालायची. शिवाय कार्यालयातल्या ड्राइव्हचं हेड जरासं सरकलेलं असेल तर त्यावर लिहिलेली टेप त्याच ड्राइव्हला वाचता यायची, दुसऱ्याला नाही. आगीत ड्राइव्ह गेला की घरची धडधाकट टेपही मुकी.

मग पिशवीऐवजी तार का नको? १९९६ चा हिशेब करून पाहू. हिशेबाची २४ एमबीची फाइल आणि २८.८ केबीपीएसचा मोडेम. सेकंदाला फार तर ३,६०० बाइट जाणार, म्हणजे पावणेदोन तासांहून जास्त वेळ, तोही लाइन मध्ये न तुटता. खरं तर दिवसभरात त्या फाइलमधल्या चार-दोनशे नोंदीच बदललेल्या असतात. पण नेमकं काय बदललं हे ओळखायला दोन्ही प्रती एका जागी हव्यात, आणि त्या एका जागी असत्या तर पाठवायचं कामच नव्हतं.

हा तिढा कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी सोडवला. जून १९९६ मध्ये त्यांनी आरसिंक हा फाइलमधला फक्त बदललेला भाग पाठवणारा प्रोग्राम जाहीर केला. दूरची बाजू आपल्याकडच्या जुन्या फाइलचे, समजा, ७०० बाइटांचे तुकडे पाडते. प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढते, एक चार बाइटांची झटपट आणि एक सोळा बाइटांची पक्की, आणि तेवढ्याच पाठवते. आपल्या फाइलचे सुमारे ३४,००० तुकडे होतात आणि खुणा सात लाख बाइटांच्या आत बसतात. इकडची बाजू नव्या फाइलवरून ७०० बाइटांची खिडकी एकेक बाइट सरकवत नेते. खरी करामत इथे आहे: खिडकी एक घर पुढे गेली की झटपट खूण नव्याने मोजायची नाही, बाहेर पडलेला बाइट वजा करायचा आणि आत आलेला मिळवायचा. खूण जुळली तर पक्की खूण तपासायची, तीही जुळली तर 'हा तुकडा तुझ्याकडे आहे' एवढंच कळवायचं. फाइलच्या सुरुवातीला एक ओळ घुसवल्यामुळे पुढचं सगळं सरकलं असलं तरी खिडकी जुने तुकडे शोधून काढतेच. पावणेदोन तासांचं काम चार-पाच मिनिटांत. मला ही आजही संगणकातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ मध्ये, हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले आणि तातू युलोनेन यांनी दूरच्या संगणकाशी कुलूपबंद जोडणी करून देणारं एसएसएच लिहिलं. या दोन गोष्टी जुळल्या आणि छोट्या व्यवसायाला पहिल्यांदाच स्वतःची दुसरी जागा परवडली: दुसऱ्या पत्त्यावर एक जुना संगणक, रात्री दोनला क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम सुरू करणाऱ्या सोयीने, चालणारी आज्ञेची एक ओळ. ट्रक बंद झाला. दूरपण राहिलं. जुनेपण आणि तुटलेपण मात्र ट्रकबरोबर गेलं, आणि ते गेल्याचं बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही.

माझ्याही नाही. एका लहान कार्यालयाचा असा बॅकअप मी उभा केला होता. मूळ जागी नसलेली फाइल तिकडेही काढून टाकायची, हा पर्याय मी सुरू ठेवला होता, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या दिसल्या की बरं वाटायचं. एका शुक्रवारी संध्याकाळी आवराआवर करताना कुणाच्या तरी हातून चालू बिलांचं फोल्डर उडालं. रात्री दोन वाजता दूरच्या सर्व्हरने आपलं काम चोख केलं. सोमवारी दोन्हीकडे सारखंच रिकामं. कपाटात तीन आठवड्यांपूर्वीची एक बाहेरची डिस्क सापडली, म्हणून बाकीचं वाचलं. ते तीन आठवडे आम्ही कागदी बिलं समोर ठेवून पुन्हा टाइप केले. मी उभारली होती ती आरशातली प्रतिमा, तिला बॅकअप म्हणत होतो.

जुनेपण परत आणायचं काम दोन वाटांनी झालं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलचं नाव आणि मजकूर वेगळे असतात. एकाच मजकुराला अनेक नावं देता येतात, आणि शेवटचं नाव पुसलं जाईपर्यंत मजकूर जात नाही. माइक रुबेल यांनी आरसिंकला या हार्ड लिंकची जोड दिली आणि त्यावर आरस्नॅपशॉट हे साधन उभं राहिलं. तीस दिवसांची तीस पूर्ण फोल्डरं दिसतात, जागा मात्र एका प्रतीहून थोडीच जास्त लागते. आजा-बाप-लेक टेपेविना परतले. दुसरी वाट २००५ मध्ये सन या कंपनीने खुल्या केलेल्या झेडएफएस या फाइलव्यवस्थेच्या स्नॅपशॉटची, म्हणजे फायली त्या क्षणी जशा होत्या तशा गोठवून ठेवण्याची.

तुटलेपणाची गरज पटायला गुन्हेगार यावे लागले. २०१३ च्या सप्टेंबरात क्रिप्टोलॉकर हा फायली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम पसरला. तो संगणकाला जोडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरच्या फायलीही कुलूपबंद करायचा, त्यात बॅकअपही आला. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या छोट्या कंपनीच्या क्लाउड खात्याचा ताबा एका खंडणीखोराने घेतला आणि त्या खात्यातून हात पोचेल तेवढं, बॅकअपसकट, पुसलं. कंपनीला कायमचा गाशा गुंडाळावा लागला. मूळ डेटा आणि प्रत एकाच किल्लीने उघडत असतील तर मधल्या किलोमीटरांना काही अर्थ राहत नाही.

म्हणून आज छोट्या व्यवसायाची दुसरी जागा उभारताना मी आधी दिशा ठरवतो. कार्यालयाच्या सर्व्हरने प्रत ढकलायची नाही, दूरच्याने येऊन ती ओढायची, तीही फक्त वाचता येईल अशा किल्लीने. कार्यालयातल्या कुठल्याच यंत्रावर दूरच्या जागेची किल्ली नसते. दूरची जागा परक्याच्या ताब्यात असेल तर हिशेब बदलतो. मग बोर्ग किंवा रेस्टिकसारखं, निघण्याआधीच मजकूर कुलूपबंद करणारं साधन घ्यावं, आणि त्याची परवलीची ओळ कागदावर लिहून तिसऱ्याच ठिकाणी ठेवावी.

किती दूर, याचं उत्तर किलोमीटरमध्ये देऊ नये. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी नियामकांनी मोठ्या वित्तसंस्थांसाठी २००३ मध्ये जो मसुदा पक्का केला त्यातही मैलांचा आकडा नाही. दुसऱ्या जागेची वीज, पाणी, दूरसंचार आणि वाहतूक पहिल्या जागेशी बांधलेली नसावी, असं तो सांगतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपचे वेगळे पैसे भरलेल्या काही ग्राहकांना आपली प्रत त्याच इमारतीत होती हे आगीनंतर कळलं.

आणि परतीची वाट. ४०० जीबीची पहिली पूर्ण प्रत १० एमबीपीएसच्या अपलोडवर जायला पावणेचार दिवस लागतात, म्हणून ती डिस्कवर घेऊन हातानेच नेलेली बरी. हाच आकडा सगळं परत आणायच्या दिवशीही समोर उभा राहतो, तेव्हा डिस्क हाताने आणायला कोण जाणार हेही लिहून ठेवावं लागतं.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर पुसले. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांशी जोडलेले होते, त्यांची भिस्त एकमेकांवरच होती, आणि ते एकदमच गेले. एक तेवढा राहिला, घानातला. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यातून तुटलेला होता. तिथली लाइन इतकी बारीक होती की त्यावरची काही शे जीबी माहिती इंग्लंडला पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, आणि तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा घानातल्या एका कर्मचाऱ्याने ती हार्ड डिस्क विमानाने नायजेरियाला नेली, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनला गेला.