लठ्ठपणा आणि प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया

कर्करोग झालेली प्रोस्टेट (पुरःस्थ ग्रंथी) व तिला चिकटलेल्या शुक्राशयिका (वीर्यातला द्रव तयार करणाऱ्या पिशव्या) मुळासकट काढण्याच्या शस्त्रक्रियेवर रुग्णाच्या जादा चरबीचा होणारा परिणाम. बीएमआय (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३० किंवा त्याहून अधिक असला की लठ्ठपणा मानतात. लठ्ठ रुग्णावर ही शस्त्रक्रिया करता येते, सर्रास केलीही जाते. मात्र तिची जवळजवळ प्रत्येक पायरी अवघड होते.

अडचणीचे मूळ जागेत आहे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी ओटीपोटाच्या तळाशी, जघनास्थीच्या मागे, मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधूनच जातो. ग्रंथी काढली की मूत्राशयाचे तोंड खाली ओढून मूत्रमार्गाच्या कापलेल्या टोकाशी शिवावे लागते. पोट उघडून हे करताना पोटाच्या भिंतीतली जाड चरबी शल्यविशारदाचे हात आणि हा सांधा यांच्यातले अंतर वाढवते. ग्रंथीच्या पुढच्या बाजूच्या शिरांतून रक्तस्राव झाला, तर त्या खोल खड्ड्यात तो थांबवणे कठीण जाते. रोबोच्या साहाय्याने छोट्या छिद्रांतून नजर आणि हत्यारे थेट तळाशी पोहोचतात, रक्तही कमी जाते. तरी ग्रंथीवरची चरबी आधी सोलून काढल्याशिवाय मूत्राशय कुठे संपते आणि ग्रंथी कुठे सुरू होते, ते नीट कळत नाही. त्यामुळे वेळ जास्त लागतो. कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी सापडण्याचे प्रमाणही लठ्ठ रुग्णांत अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी जाणाऱ्या, लिंगाच्या ताठरतेशी संबंधित नसा वाचवण्याचे तंत्र अमेरिकी शल्यविशारद पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये वापरात आणले. त्या नसा जपायला जागा दिसावी लागते, आणि चरबी नेमकी तीच झाकते. म्हणूनच नुसत्या बीएमआयवर विसंबू नये. वजन तेवढेच असले तरी अरुंद कटिरात (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत) आतली चरबी साठलेला रुग्ण अधिक अवघड ठरतो.

भूलतज्ज्ञापुढचा प्रश्न वेगळा आहे. रोबोच्या शस्त्रक्रियेत टेबल डोक्याकडून साधारण २५ ते ३० अंश खाली झुकवतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोटातली चरबी व आतडी छातीच्या पडद्यावर येऊन पडतात, फुप्फुसे दबतात आणि श्वास देण्यासाठी जास्त दाब लावावा लागतो. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर तो आधीच शोधून काढलेला बरा. शरीराच्या भाराने खांदे, हात किंवा पायांच्या नसा चेपू नयेत म्हणून गाद्यांची मांडणीही काळजीपूर्वक करावी लागते.

लठ्ठपणाचा परिणाम निदानापासूनच सुरू होतो, हे मात्र सहज निसटते. मोठ्या शरीरात रक्तद्रव जास्त असतो, म्हणून त्यात मिसळलेले पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) पातळ होऊन आकडा कमी दिसतो. टेस्टोस्टेरॉन कमी असणे हेही त्याचे एक कारण आहे. बोटाने गुदद्वारातून तपासणी करणेही कठीण जाते. कमी आकड्याने रुग्ण व डॉक्टर दोघेही निर्धास्त राहिले, तर रोग उशिरा हाती लागतो.

शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणे, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे आणि छिद्राच्या जागी हर्निया होणे यांचा धोका वाढतो. त्यासाठी रुग्णाला लवकर चालते करतात आणि गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात. कॅथेटर (मूत्राशयात ठेवलेली लघवीची नळी) काढल्यावर लघवीवरचा ताबा परत यायला वेळ लागू शकतो, कारण पोटाचा भार सतत मूत्राशयावर पडतो. खोकला आला किंवा खुर्चीतून उठले की थेंब गळतात. रुग्णाला याची लाज वाटते, आणि ते मोकळेपणी सांगायला त्याला आधीच तयार करायला हवे. पीएसए पुन्हा वाढण्याचे, म्हणजे रोग उलटण्याचे प्रमाणही लठ्ठ रुग्णांत जास्त आढळते.

कर्करोग सौम्य असेल तर वजन उतरवायला काही महिने मिळू शकतात. आक्रमक असेल तर शस्त्रक्रिया त्यासाठी लांबवत नाहीत. कटिरतळाच्या स्नायूंचे व्यायाम मात्र दोन्ही प्रसंगी शस्त्रक्रियेच्या आधीच शिकवता येतात.