‘पी’मध्ये अडकलेला गिअर: शिफ्ट लॉक की पार्किंग पॉल?

ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लिव्हर ‘पी’मधून, म्हणजे ‘पार्क’मधून, हलेनासा झाला की ‘गिअर लॉक झाला’ असे सरसकट म्हटले जाते. मात्र त्यामागे दोन निराळी कुलुपे असू शकतात, एक लिव्हर अडवणारे आणि दुसरे चाके.

शिफ्ट लॉक लिव्हरपाशीच, कन्सोलच्या आत असते. इग्निशन चालू असताना ब्रेक दाबला, की ब्रेक लाइटच्या स्विचकडून संकेत मिळून सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे चुंबकी यंत्र) खिट्टी सरकवतो आणि लिव्हर मोकळा होतो. ब्रेकवर पाय नसताना गाडी ‘डी’ (पुढे जाण्याचा गिअर) किंवा ‘आर’मध्ये (रिव्हर्स) पडू नये, एवढेच त्याचे काम. अमेरिकेत 1980च्या दशकात ऑडी 5000 आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी गाजल्यावर कंपनीने त्या गाड्यांत हे कुलूप बसवले. 1989च्या सरकारी अहवालाने अशा बहुतेक घटनांचे कारण चुकीच्या पेडलवर पडलेला पाय हेच मानले; सप्टेंबर 2010पासून तर तिथे ‘पी’ असलेल्या हलक्या वाहनांना ही व्यवस्था सक्तीची आहे.

पार्किंग पॉल हा गिअरबॉक्समधला पोलादी खटका. तो आउटपुट शाफ्टशी जोडलेल्या दातेरी चक्रात अडकतो. उतारावर हँडब्रेक न ओढता ‘पी’ टाकून पाय उचलला, की गाडीचा सारा भार या एवढ्याशा खटक्यावर येतो, आणि निघताना लिव्हर जड जाऊन आतून धाडकन आवाज येतो. म्हणून ब्रेक दाबून ‘एन’ (न्यूट्रल) टाकावा, हँडब्रेक ओढावा, ब्रेक सोडून गाडी हँडब्रेकवर स्थिरावू द्यावी आणि मग पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’ टाकावा. (आपल्याकडच्या बहुतेक एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्समधले गिअर आपोआप बदलणाऱ्या, गाड्यांत ‘पी’ नसतोच, त्या गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा असतो.)

सपाट जागेवरही लिव्हर हलत नसेल, तर कोणाला तरी मागे उभे करून ब्रेक लाइट लागतात का ते आधी पाहावे. लागत नसतील तर स्विच किंवा फ्यूज गेल्याचा संशय घ्यावा, आणि अशी गाडी लिव्हर सुटला तरी रस्त्यावर नेऊ नये. उतारावर लिव्हर नुसता जड लागत असेल, तर भार पॉलवर आहे. अनेक गाड्यांत लिव्हरजवळच्या झाकणाखाली शिफ्ट लॉक हाताने सोडवण्याची सोय असते. ती वापरण्यापूर्वी ब्रेक घट्ट दाबून हँडब्रेक ओढलेला असावा, कारण लिव्हर ‘पी’मधून निघताच पॉलही सुटतो आणि चाकांना धरणारे दुसरे काही उरत नाही.